ग्रेगरीच्या आईचा चेहरा

नेटफ्लिक्सवर ‘हू किल्ड लिटल ग्रेगरी?’ नावाची पाच भागांची फ्रेंच माहितीमालिका आहे. दिग्दर्शक झिल मार्शां, साल २०१९. म्हणजे हे परीक्षण तसं उशिराचंच. पण ही केस १९८४ पासून चालू आहे आणि अजून मिटलेली नाही, तेव्हा चार-सहा वर्षांच्या उशिराने काही बिघडत नाही. मालिका चांगली आहे. माझं तिच्याशी भांडण आहे, आणि ती चांगली असल्यामुळेच आहे. वाईट असती तर पहिल्या भागात बंद करून झोपले असते.

आधी थोडक्यात काय घडलं ते. १६ ऑक्टोबर १९८४. फ्रान्सच्या पूर्वेचा व्होज हा डोंगराळ भाग, तिथलं लेपाँज हे छोटं गाव. चार वर्षांचा ग्रेगरी विलमँ संध्याकाळी घरासमोर खेळत होता. आई क्रिस्तीन कामावरून येऊन आत इस्त्री करत होती. मुलगा दिसेना म्हणून शोधाशोध सुरू झाली, तेवढ्यात त्याच्या काकाला निनावी फोन आला: पोराला उचलून व्होलोन्य नदीत टाकलंय. रात्री नऊच्या सुमारास काही किलोमीटर खाली दोसेल गावाजवळ मृतदेह सापडला. हातपाय दोरीने बांधलेले, लोकरीची टोपी चेहऱ्यावर ओढलेली. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या, ज्याँ-मारीच्या नावे पत्र आलं. हा माझा सूड आहे, तू दुःखाने मरशील अशी आशा आहे, तुझा पैसा तुला मुलगा परत देणार नाही, असा त्याचा आशय. पत्रलेखक ज्याँ-मारीला ‘साहेब’ म्हणतो. ज्याँ-मारी तेव्हा २६ वर्षांचा होता आणि एका कारखान्यात फोरमन झाला होता. एवढंच त्याचं साहेबपण. नवं घर, बढती, बऱ्यापैकी पगार. कुटुंबातल्या कुणाला तरी ते सहन झालेलं नव्हतं.

कुटुंबातल्याच, असं सगळे धरून चालतात. कारण घोगऱ्या आवाजातले निनावी फोन आणि पत्रं १९८१ पासून येत होती, आणि त्या माणसाला घरातल्या खाचाखोचा माहीत होत्या. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला आईवडिलांकडून जास्त मिळालं, सगळं. फ्रेंचमध्ये अशा निनावी पत्रलेखकाला ‘कॉर्बो’ म्हणजे डोमकावळा म्हणतात. क्लूझोच्या १९४३ मधल्या ‘ल कॉर्बो’ या सिनेमामुळे तो शब्द या अर्थाने रूढ झाला. आपल्याकडे कावळ्याचं काम वेगळं आहे. पिंडाला तो शिवेपर्यंत लोक ताटकळत बसतात, गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते एकेक आठवून मोठ्याने कबूल करतात. मालिका बघताना हे दोन कावळे माझ्या डोक्यात सारखे एकमेकांत मिसळत होते.

नात्यांचं म्हणाल तर इथे मराठीने मला फार मदत केली. इंग्रजी सबटायटलमध्ये सगळेच ‘कझिन’ आणि ‘अंकल’. दुसऱ्या भागापर्यंत माझा इतका गोंधळ झाला की मी व्हाइटबोर्डवर वंशावळ काढली. संशयित क्रमांक एक, बेर्नार लारोश, हा ज्याँ-मारीचा मावसभाऊ. पुढे २०१७ मध्ये ज्यांना अटक झाली ते दोघं ज्याँ-मारीचे मामा-मामी. मावसभाऊ आणि मामा म्हटलं की लगेच लक्षात येतं: ही सगळी आईकडची माणसं. ‘कझिन’मध्ये हे हरवतं, आणि माझ्या मते मालिकेतही हरवतं. या एकाच माहेरच्या घरात काय मुरत पडलं होतं, यावर पाच तासांत जेवढा वेळ द्यायला हवा होता तेवढा दिलेला नाही. कॅमेऱ्याला कोर्टाच्या पायऱ्या जास्त आवडतात.

पुढची गोष्ट वेगाने घडते. तपास करणारा न्यायाधीश ज्याँ-मिशेल लांबेर जेमतेम बत्तिशीचा. (फ्रान्समध्ये अशा गुन्ह्याचा तपास न्यायाधीशाच्या हाताखाली चालतो.) लारोशची पंधरा वर्षांची मेहुणी जबाब देते की त्या संध्याकाळी ती लारोशच्या गाडीत होती, त्याने एका मुलाला गाडीत घेतलं आणि परतताना मुलगा सोबत नव्हता. लारोशला अटक होते. तिला मात्र लांबेर घरी जाऊ देतो, त्याच कुटुंबात, आणि दुसऱ्या दिवशी ती टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर जबाब फिरवते. हस्ताक्षरतज्ज्ञांचे अहवाल कार्यपद्धतीतल्या चुकीमुळे रद्दबातल ठरतात. फेब्रुवारी १९८५ मध्ये लारोश सुटतो. मी त्याला मारेन, असं ज्याँ-मारी पत्रकारांसमोर उघड बोललेला असतो. २९ मार्च १९८५ ला तो बंदूक घेऊन जातो आणि लारोशला त्याच्या घरासमोर गोळी घालतो. लारोशलाही ग्रेगरीच्याच वयाचा मुलगा होता.

इथे थांबायला हवं होतं. मालिकेनेही आणि बघणाऱ्यांनीही. उत्तर शोधणाऱ्या एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाचं उत्तर कायमचं संपवून टाकलं. लारोशवर खटला चाललाच नाही. तो दोषी ठरला नाही, आणि निर्दोष ठरण्याची संधीही त्याला मिळाली नाही. त्याची बायको-मुलं पुढे आयुष्यभर त्या मधल्या जागेत राहिली. मालिका त्याच्या वकिलाला बोलू देते, पण तिला घाई आहे. कारण पुढच्या भागात नवा संशयित यायचा आहे.

नवी संशयित म्हणजे ग्रेगरीची आई.

तिच्याविरुद्ध काय होतं? कारखान्यातल्या काही सहकारी बायका म्हणाल्या की त्या दिवशी संध्याकाळी ती पोस्टाजवळ दिसली. ती म्हणाली, आदल्या दिवशी. तिच्या घरात सापडलेली दोरी मुलाला बांधलेल्या दोरीसारखी होती. आणि हस्ताक्षरतज्ज्ञांच्या नव्या फेरीत बोट तिच्याकडे वळलं. ५ जुलै १९८५ ला तिला तुरुंगात टाकलं तेव्हा ती सहा महिन्यांची गरोदर होती. तिने उपोषण केलं. अकरा दिवसांनी सुटली. पण हे कागदावरचं. खरा आरोप वेगळाच होता आणि तो मालिकेतल्या जुन्या चित्रणात उघड दिसतो. ती सुंदर होती. ती काळे कपडे नीट घालत होती. ती कॅमेऱ्यासमोर कधी रडत होती, कधी रडत नव्हती. दफनविधीत ती कोसळली तर ते नाटक, नंतर शांत राहिली तर तो थंडपणा. मालिकेत एक निवृत्त पोलीस अधिकारी पस्तीस वर्षांनीही तिच्या दिसण्याबद्दल, अंगावरच्या कपड्यांबद्दल ज्या सुरात बोलतो, तो सूर ऐकण्यासाठी तरी मालिका बघाच. दिग्दर्शक मध्ये बोलत नाही, कॅमेरा हलवत नाही, बाबाला बोलू देतो. मालिकेतली ही सर्वांत चांगली दिग्दर्शकीय निवड. एका तपासाचं काय झालं ते त्या दोन मिनिटांत कळतं.

आपल्याला हे नवं नाही. २००८ मध्ये नोएडात आरुषी तलवारचा खून झाल्यावर तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आहे की नाही हे देशभर टीव्हीवर मोजलं गेलं. २०१३ मध्ये आईवडिलांना शिक्षा झाली, २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. मेघना गुलजारचा ‘तलवार’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. मुलाच्या मृत्यूनंतर आईने कसं दिसावं याचा एक अलिखित नमुना आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतो आणि नमुन्याबाहेरची आई संशयित ठरते.

पण फ्रान्समध्ये एक गोष्ट अशी घडली जी माझ्या माहितीत आपल्याकडे घडली नाही, आणि या साहित्याच्या पानावर लिहायला मला खरं तर त्याच गोष्टीने भाग पाडलं. तिथे आईला दोषी ठरवायला देशातली एक थोर लेखिका धावून आली.

मार्गरित द्युरास. नोव्हेंबर १९८४ मध्ये, ग्रेगरी गेल्यानंतर महिन्याभरात, तिला ‘द लव्हर’साठी गोंकूर पुरस्कार मिळाला होता. कीर्तीच्या शिखरावर असतानाच ‘लिबेरासिओं’ या दैनिकासाठी ती लेपाँजला गेली. क्रिस्तीनने तिला भेटायला नकार दिला. द्युरासने घर पाहिलं, टेकडीवरचं, एकटं. १७ जुलै १९८५ ला, क्रिस्तीन तुरुंगातून सुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी, लेख छापून आला. शीर्षकातच क्रिस्तीनला ‘उदात्त, उदात्तच असणार’ म्हटलेलं. लेखाचा आशय असा: घर पाहताक्षणी मला कळलं की गुन्हा घडलाय. मूल घराच्या आतच मारलं गेलं असणार, मला तसं दिसतं. ही बाई अशा नवऱ्याच्या घरात अडकली होती जिथे सगळे नियम त्याचे, आणि स्वयंपाकात मांस नीट शिजलं नाही एवढ्यावरूनही हात उठू शकतो. तेव्हा तिने मारलं असेल तर तो गुन्हा आपल्या न्यायाच्या पलीकडचा आहे. संपादकाने सोबत टिपण जोडलं. लेखणीला मर्यादा ओलांडण्याचा हक्क असतो, असा त्याचा रोख.

मला फ्रेंच येत नाही. मी तो लेख आधी मशीनच्या भाषांतरात वाचला आणि मग एका इंग्रजी भाषांतरात. दोन्हींत तो सुंदर आहे. हीच अडचण आहे. वाक्यं श्वासासारखी येतात, थांबतात, पुन्हा तेच बोलतात. स्त्रीच्या घरगुती कोंडीबद्दल ती जे म्हणते त्यातलं बरंचसं खरं आहे, एखादीने वाचून मान डोलवावी असं. फक्त त्याचा क्रिस्तीन विलमँशी काही संबंध नाही. नवरा मारतो याचा पुरावा? नाही. ती त्या घरात दुःखी होती याचा? नाही. ती २४ वर्षांची होती, कामाला जात होती, नवऱ्याबरोबर स्वतःचं घर बांधलं होतं. द्युरासला स्वतःच्या पुस्तकातली बाई हवी होती. ती तिला टेकडीवर सापडली.

लेखाच्या बचावात असं म्हटलं जातं की तो निवाडा नाही, कल्पित आहे, स्त्रीवादी हस्तक्षेप आहे. मला हे पटत नाही. कल्पित लिहायचं तर नाव बदलायला दहा सेकंद लागतात. आडनावाचं फक्त आद्याक्षर ठेवल्याने ती बाई झाकली जात नाही, जेव्हा देशातल्या प्रत्येक घरात तिचा चेहरा पोहोचलेला आहे. आणि ज्या बाईच्या बाजूने बोलल्याचा आव आहे तिचं स्वतःचं म्हणणं एकच होतं: मी हे केलं नाही. ते सोडून बाकी सगळं लेखात आहे. इतक्या आदराने कुणाचं तोंड बंद केल्याचं मी क्वचित वाचलंय.

आमच्या कामात, सिस्टिम पडली की कारण शोधायची मीटिंग बसते. तिथे एक माणूस नेहमी असा असतो जो लॉग उघडायच्या आधीच म्हणतो, मला माहितेय काय झालंय. बहुधा तो सगळ्यांत अनुभवी असतो. त्याचा अंदाज दहातल्या सात वेळा बरोबरही येतो, म्हणून तर तो बोलतो. उरलेल्या तीन वेळा सगळी टीम त्याच्या अंदाजाला जुळणाऱ्या ओळी लॉगमध्ये शोधत रात्र काढते, आणि त्या सापडतातही, कारण मोठ्या लॉगमध्ये कशालाही जुळणाऱ्या ओळी सापडतात. द्युरासने हेच केलं. फरक इतकाच की आमच्याकडे सकाळी सर्व्हर परत चालू होतो.

मालिका द्युरासच्या लेखाचा समाचार घेते, त्याबद्दल तिला गुण. पण लेख एक विक्षिप्त घटना म्हणून येतो आणि जातो. मला वाटतं तो या केसच्या मध्यभागी आहे. कारण द्युरासने जे उघडपणे, सही करून केलं तेच बाकीचे न सही करता करत होते, आणि मालिकेचा आराखडाही थोडाफार तेच करतो. प्रत्येक भागाच्या शेवटी संशयाची सुई फिरते. घटनाक्रम तसाच होता, दिग्दर्शक काय करणार, असं म्हणता येईल. पण १९९३ मध्ये न्यायालयाने क्रिस्तीनविरुद्ध कोणताही पुरावा नाही असं निःसंदिग्ध शब्दांत म्हटलं, हे दिग्दर्शकाला पहिल्या मिनिटापासून माहीत आहे. मला, प्रेक्षकाला, ते शेवटाकडे कळतं. मधला बराच वेळ मी फोनवर तिचा चेहरा पॉज करून बघत होते. डोळे बघत होते. ओठ बघत होते. हे मी करावं अशीच कथनाची मांडणी होती. हे ज्ञान आधी देऊन मालिका बनवता आली असती आणि ती कमी रंजक झाली नसती. उलट प्रश्न ‘हिने केलं का’वरून ‘इतक्या लोकांना हिने केलं असं का वाटलं’वर आला असता. तो अधिक मोठा प्रश्न आहे.

साहित्याचा हात इथेच थांबला नाही. २००६ मध्ये फिलिप बेसों या कादंबरीकाराने याच केसवर, खऱ्या नावांनिशी, कादंबरी लिहिली आणि त्यात क्रिस्तीनच्या तोंडी मनोगत घातलं. विलमँ पती-पत्नी कोर्टात गेले आणि जिंकले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने मी साधारण नेहमीच असते, पण एखाद्या जिवंत आईच्या डोक्यात शिरून तिच्या मेलेल्या मुलाबद्दल तिच्या नावाने ‘मी’ लिहिणं, हे मला स्वातंत्र्यापेक्षा घुसखोरीच्या जवळचं वाटतं. त्याच साली राऊल पेकने फ्रेंच टीव्हीसाठी ‘लाफेर विलमँ’ ही कथामालिका केली. ती लॉरांस लाकूरच्या पुस्तकावर बेतलेली. लाकूर त्या वेळी रेडिओसाठी ही केस कव्हर करणारी तरुण वार्ताहर होती आणि नंतर तिने आपल्याच व्यवसायाने काय केलं ते सविस्तर लिहिलं. म्हणजे खरं नाव घेऊन लिहिणंच चूक, असं नाही. लाकूर तिथे अनेक महिने होती. द्युरासला घराकडे टाकलेली एक नजर पुरली.

आता माझ्या धंद्याच्या जवळचा भाग. २०१७ मध्ये केस पुन्हा उघडली ती ‘आनाक्रिम’ या सॉफ्टवेअरमुळे, असं तेव्हा बातम्यांत झळकलं. मालिकाही त्या वळणाला थोडं चमकवते. ऐकायला वाटतं, मशीनने खुनी शोधला. प्रत्यक्षात असं असतं: जबाबांची हजारो पानं, कोण कुठे होतं, कुणी कुणाला किती वाजता पाहिलं हे माणसं बसून भरतात, आणि सॉफ्टवेअर त्याच्या कालरेषा आणि जाळी काढून विसंगती दाखवतं. हे उपयोगी आहे, मी नाकारत नाही. पण भरलेला डेटा १९८४ चा आहे, म्हणजे त्यात दबावाखाली दिलेले जबाब, फिरवलेले जबाब, पेपर वाचून ‘आठवलेल्या’ गोष्टी, सगळं आहे. त्याची चित्रं स्वच्छ निघतात म्हणून तो स्वच्छ होत नाही. मामा-मामींवरचे आरोप २०१८ मध्ये कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर रद्द झाले. मधल्या काळात, जुलै २०१७ मध्ये, निवृत्त न्यायाधीश लांबेरने आत्महत्या केली. तपासातल्या चुकांचा सगळा भार त्या एका माणसाच्या नावावर टाकणं तेव्हाही सोयीचं होतं, आणि मालिका ते पूर्णपणे टाळत नाही.

डीएनएची कहाणी आणखी करुण आहे. २००० मध्ये पत्रावरच्या अर्ध्या पोस्टाच्या तिकिटावरून प्रयत्न झाला. हाती काही लागलं नाही. २००८ नंतर दोऱ्या आणि कपडे पुन्हा तपासले गेले. कुणाशी जुळलं नाही. १९८४ मध्ये त्या वस्तू हाताळणाऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं की पुढे एका पेशीवरून माणूस ओळखता येईल. ज्याच्या हाताला लागेल त्याने त्या हाताळल्या. या तपासण्यांमागे पुन्हा पुन्हा आईवडिलांचा पाठपुरावा आहे. तंत्रज्ञान एक पायरी चढलं की त्यांची कोर्टापुढे नवी मागणी.

आणि हे दोघं मालिकेत नाहीत. पोलीस आहेत, वकील आहेत, वार्ताहर आहेत. आई आणि वडील फक्त जुन्या फीतींमध्ये, २४ आणि २६ वर्षांचे. ज्याँ-मारीला लारोशच्या खुनाबद्दल १९९३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, त्यातलं एक स्थगित. दोघं एकत्र राहिले, व्होज सोडून गेले, त्यांना पुढे मुलं झाली. १९९४ मध्ये त्यांनी मिळून ‘ल सेझ ऑक्तोब्र’, म्हणजे ‘सोळा ऑक्टोबर’, हे पुस्तक लिहिलं. २०२४ मध्ये, चाळीस वर्षं झाल्यावर, ज्याँ-मारीच्या सहभागातून एक चित्रकादंबरी आली. नाव फक्त ‘ग्रेगरी’. ही दोन्ही पुस्तकं मला इंग्रजीत मिळाली नाहीत. द्युरासचा लेख मात्र दोन क्लिकवर मिळाला.

मालिका बघणार असाल तर माझी एक सूचना. न्यायालयाचा १९९३ चा निर्णय आता तुम्हाला माहीत आहे. तो लक्षात ठेवून चौथा भाग बघा, आणि क्रिस्तीन पडद्यावर आली की तिच्याकडे न बघता तिच्या भोवतीची माणसं मोजा. दफनभूमीतल्या दृश्यात मी मोजायचा प्रयत्न केला. थडग्यांवर चढलेले फोटोग्राफर पहिल्या फ्रेममध्ये मावत नाहीत.